सव्वीस बायकांचा एक नंबर

दिवाळी अंकाच्या बाई म्हनल्या, मावशी, तुमी चाकनच्या कंपनीत येवढी वर्सं काढली, त्या कामाचं कायतरी सांगा, आमी छापतो. म्हनलं, फरशी पुसन्याचं काय सांगू? वल्लं फडकं, मंग कोरडं फडकं, संपलं. तेल सांडलं असंल तर आधी भुसा टाकायचा, येवढी एकच इद्या हाय त्यात.

पन माझं खरं काम निराळंच व्हतं. त्याला पगार न्हाई, त्याला नाव न्हाई, आन् त्यानंच माझं डोकं खाल्लं. सव्वीस बायकांचे मेसेज माझ्या एका फोनवर यायचे. त्यातला कंचा खरा, कंचा चोराचा, ते मी ठरवायची. मी. चौथी पास हौसाबाई.

हे कसं झालं ते सांगते, म्हंजे पुढचं समजंल.

आमच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट बनतात. पार्ट बनवनारी मानसं कंपनीची, आन् त्यांच्या पायाखालची फरशी पुसनाऱ्या आमी ठेकेदाराच्या. ठेकेदार दर तीन वर्सांनी बदलतो. कंपनी तीच, फरशी तीच, बादली बी तीच. फकस्त आमच्या शर्टाच्या पाठीवरचं नाव बदलतं. नाव बदललं की सगळे कागद नव्यानं. आधार द्या, पॅन द्या, पासबुकाचं पहिलं पान द्या, फोटो द्या. मी सात ठेकेदार बघितले. सातही जनांना मी हौसाबाईच हाय हे पहिल्यापासनं पटवून द्यावं लागलं. याला ते केवायसी म्हनतात. जन्मल्यापासनं मी मीच हाय, पन दर ठेकेदाराला पुरावा पाहिजे.

माझे मालक फाउंड्रीत कामाला व्हते, त्यांच्या छातीनं घात केला, ते गेले, तवा मी पस्तिशीत व्हते. चिखलीतनं तळवड्यावरनं चाकनजवळच्या म्हाळुंग्याला जानारी ठेकेदाराची गाडी पकडली ती बावीस वर्सं सोडली न्हाई. पुढं मला बायांची मुकादम केलं. मुकादम म्हंजे पुसायचं ते पुसायचंच, वर शिव्या खायच्या.

तर चौथ्या ठेकेदाराच्या टायमाला क्लार्क म्हनाला, परतेकीचा मोबाईल नंबर लागंल. बायांकडं कुठं मोबाईल? कुनाचा फोन नवऱ्याच्या खिशात, कुनाचा पोरानं इकून खाल्लेला, कुनाचा नंबर रिचार्जावाचून मेलेला. क्लार्कला लवकर घरी जायचं व्हतं. म्हनाला, "मावशींचाच टाकतो सगळ्यांना. त्या रोज येतात." टाकला. बँकेत माझा, पीएफात माझा, काहींच्या आधारला बी माझा. कुनी मला इचारलं न्हाई, आन् मला बी वाटलं, नंबरच तर हाय, त्याला काय भाकर लागती का.

मंग सुरू झालं. दिवसभर फोन टिंग टिंग. सुपरवायझर वरडायचा, "मावशी, तुमचा फोन हाय का देवळातली घंटा?"

बँकेच्या मेसेजात नाव नसतं. खात्याच्या नंबराचे शेवटचे चार आकडे असतात, आधी दोन फुल्या. मी एक वही केली. बायांच्या नावापुढं चार आकडे लिवले. सुनंदा लातूरकडची, तिचे सत्त्याहत्तर चौदा. मंगल परभनीची, तिचे तेहतीस शून्य नऊ. दोन महिन्यांत वहीच लागंना. मेसेज आला की मी हॉलच्या या टोकावरनं हाळी द्यायची, "सत्त्याहत्तर चौदा! पगार पडला!" आन् तिकडनं सुनंदा, "पडला तर उचला की वो मावशी, पुसायला आपनच हाव!" सगळा हॉल हसायचा.

आन् आकड्यावरनंच मी चोर वळखायची. ज्या मेसेजात आमच्या कुनाचे चार आकडे न्हाईत, नुसतं 'प्रिय ग्राहक' हाय, तो चोराचा. बँकेला मी प्रिय कवापासनं? मी ठसक्यात सांगायची सगळ्यांना. क्वालिटीच्या मॅडम बी इचारायला यायच्या. त्यांचं सांगते.

या मॅडम रावेतला राहनाऱ्या, इंजिनियर. एक दिवस तोंड पाडून बसल्या व्हत्या. त्यांना मेसेज आला, तुमचं पार्सल आलंय पन पत्ता अर्धा हाय, हितं दाबा आन् पत्ता भरा. दाबलं, पत्ता भरला, कार्डाचा नंबर भरला, कार्डाच्या मागचे तीन आकडे बी भरले.

म्हनलं, "मॅडम, पार्सल मागवलं तरी व्हतं का?"

"रोजच मागवते हो मावशी. कुठलं कुठलं येणार आहे ते लक्षात कुठं असतं?"

आता याला काय म्हनायचं? मी फडकं पिळलं आन् पुढं सरकले. लोक म्हनतात अडानी मानूस फसतो. न्हाई. ज्याच्या मनात आधीच कशाची तरी वाट बघनं चालू हाय, तो फसतो. ज्याला पार्सलची वाट, त्याला पार्सलचा मेसेज. ज्याला भ्याव, त्याला भ्यावाचा.

भ्यावाचा सुनंदाला आला. म्हंजे माझ्याच फोनवर आला, पन मी वाचत व्हते तवा तिनं ऐकला. आज साडेनऊला तुमची लाइट कापनार, मागचं बिल भरलं न्हाई, या साहेबाला फोन करा. सुनंदा रडायलाच लागली. म्हनली, "मावशी, करा की वो फोन, पोरगी दहावीला हाय, अंधारात कशी बसंल?"

"तुझ्या नावावर मीटर हाय का?"

"न्हाई."

"कुनाच्या नावावर हाय?"

"घरमालकाच्या."

"मंग तुझी लाइट कापायचा मेसेज मला कामून यील? मी काय तुझी घरमालकीन हाय का?"

तिनं डोळे पुसले. मंग म्हनली, "तरी पन एकदा करून बघाच ना, मावशी." अरे देवा! हे असं असतं. समजलेलं असतं, तरी हात थांबत न्हाई.

मी बायांना सांगायची, मेसेज तुमाला पळवतो का बघा. आज, आत्ता, अर्ध्या तासात. खऱ्या कामाला या जगात कुनी आपल्यासाठी पळत न्हाई. आमच्या एकीचा पीएफ निघायला आठ महिने लागले, तवा कुनी मेसेज करून म्हनलं का, मावशी लवकर या? लाइटवाला, बँकवाला, सरकार, समदे आपल्याला लायनीत उभं करतात. जो लायनीतनं पुढं बोलावतो त्याच्यापासनं लांब राहा. निळ्या अक्षरावर बोट लावू नका. आन् फोनवर आलेला नंबर, ओटीपी म्हनतात तो, कुनाला सांगू नका.

हे शेवटचं मी सांगायची खरी, पन हे सांगायला मला तोंड नव्हतं. का, ते ऐका.

आमच्या ऑफिसचं काम कसं चालायचं? क्लार्क तिकडं कॉम्प्युटरवर बायांचे कागद चढवायचा आन् मला फोन लावायचा. "मावशी, नंबर आला का? सांगा." मी हॉलमदी उभी राहून सांगायची. पाच, शून्य, दोन, दोन, आठ, एक. "पुढची. आला का? सांगा." सव्वीस जनींचे सव्वीस नंबर, दर ठेकेदाराला. इतक्या वर्सांत मी किती नंबर सांगितले असतील देवाला ठाऊक. ज्याला सांगायचे त्याचं तोंड बी कवा बघितलं नसायचं. नवा ठेकेदार, नवा क्लार्क, नवा आवाज.

वर आनखी एक. कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी एकदा आमाला हॉलमदी बसवलं, भिंतीवर पडदा लावला, आन् तासभर सांगितलं की अनोळखी नंबरावरनं आलेली लिंक उघडू नका, कागदाचे फोटो पाठवू नका. चहा दिला, बिस्कीट दिलं. लई चांगलं सांगितलं. आठ दिवसांनी त्याच साहेबांच्या ऑफिसातनं, कुन्या अनोळखी नंबरावरनं, लिंक आली. 'संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा, अन्यथा उद्यापासून गेटपास बंद.' मी साहेबांना जाऊन इचारलं, साहेब, ही उघडायची का न उघडायची? साहेब म्हनाले, "मावशी, ही आपली आहे, ही उघडा." आता मी कसं वळखायचं सांगा. खरा बी तसाच बोलतो आन् चोर बी तसाच बोलतो. चोरानं आमाला फसवलं म्हनतात. पन नंबर सांगायची सवय चोरानं न्हाई लावली.

आता मंगलचं.

मंगल आमच्यात सगळ्यात गप. नवरा सोडून गेलेला, दोन पोरी, कुदळवाडीच्या बाजूला पत्र्याची खोली. कामाला एक नंबर. तिला नुसतं सांगायचं, मंगे, पेंट शॉपचा जिना. परत बघायला जायला नको. ती माझ्यावर डोळे झाकून इस्वास टाकायची. तिचं एटीएम कार्ड बी माझ्याच पिशवीत असायचं, कारन घरी दीर यायचा आन् उचलायचा.

सातवा ठेकेदार येनार व्हता. म्हैनाअखेर, सगळ्यांच्या मनात एकच, नवा आपल्याला ठेवतो का काढतो. एका सकाळी मेसेज आला. नवीन ठेक्यासाठी कामगारांचे कागद अपुरे हायेत, पूर्ण न केल्यास गेटपास बंद. खाली एक नंबर. मी हात लावला न्हाई. म्हनलं, 'प्रिय कामगार' लिवलंय, चोर असंल. मंग तासाभरानं फोनच आला.

"हौसाबाई बोलताय ना? मुकादम?"

"व्हय. आपन कोन?"

"नवीन ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या सहा बायकांचे कागद राहिलेत. लिहून घ्या. मंगल, खातं शेवट तेहेतीस शून्य नऊ. सुनंदा, शेवट सत्त्याहत्तर चौदा..."

त्यानं आकडे सांगितले. माझे आकडे. ज्यांच्यावर मी खरं-खोटं पारखत व्हते तेच. मंग माझ्या मनात कसला संशय यायचा? उलट मला बरं वाटलं, म्हनलं हा क्लार्क तरी नीट तयारी करून बसलाय. त्यानं आधार आन् पॅनचे फोटो मागितले. सहाही जनींचे माझ्या फोनात व्हतेच, दर ठेकेदाराला लागतात म्हनून मी ठेवलेले. पाठवले. म्हनाला, "एकेकीचं चढवतो. मंगलपासून सुरू करू. नंबर आला का? सांगा."

मी सांगितला.

"अजून एक येईल." तो बी सांगितला.

"आता सुनंदा." सुनंदाचा नंबर आला. मी चष्मा पुसत व्हते, येवढ्यात समोरनं नितीन आला. नितीन म्हंजे नव्या ठेकेदाराचा क्लार्क, पहिल्याच दिवशी फायली घेऊन गेटवर आलेला. मला म्हनाला, "मावशी, तुम्हीच मुकादम ना? कोणाशी बोलताय एवढं?"

"तुमच्याच ऑफिसाशी."

"आमच्या ऑफिसात मी एकटाच आहे. आणि मी इथं आहे."

मी फोन कानाला तसाच धरून उभी. फोनातला मानूस म्हनतोय, "सांगा ना मावशी, सुनंदाचा सांगा." मी फोन कापला.

नितीनला सगळं सांगितलं. तो बी घाबरला, त्याचा पहिलाच दिवस. म्हनाला, "काही होत नाही मावशी. तो नंबर ब्लॉक करा. कोणाला सांगू नका, उगाच बोभाटा." आन् मी ऐकलं. हितं माझं चुकलं. नंबर सांगितला ती सवय व्हती, समजून घ्या. पन पुढं गप बसले ती सवय न्हाई. ते मी समजून उमजून केलं. त्याच दिवशी मंगलला घेऊन बँकेत गेले असते, पोलिसात तक्रार केली असती, तर पुढचं टळलं असतं. तास-दोन तासांत तक्रार केली तर बरंच अडवता येतं, हे मला पोलीस बाईंनी नंतर सांगितलं. मी दीड म्हैना गप बसले. मुकादम हाय ना मी. सगळ्यांना शानपना शिकवनारी. माझीच लाज मला आडवी आली.

दीड म्हैन्यानं मंगलच्या खोलीवर पोलिसाचा कागद आला. लांबच्या कुठल्या राज्यातला. तिच्या नावानं कुनीतरी फोनवरच खातं उघडलं व्हतं, तिचाच आधार, तिचाच पॅन, आन् कुना म्हाताऱ्याला फसवून आनलेले पैसे त्या खात्यातनं फिरवले व्हते. हजर व्हा म्हने. त्याच आठवड्यात तिचं पगाराचं खातं बी अडकलं. बँक म्हनली, वरून आदेश आहे. घरमालक म्हनला, आमच्याकडं पोलिसाची भानगड चालत न्हाई, खोली बघा. आन् सगळ्यात वाईट म्हंजे नव्या ठेकेदाराला गेटपाससाठी पोलिसाचा दाखला लागतो, की या बाईवर कसला गुन्हा न्हाई. मंगलचा दाखला अडकला. नितीन म्हनाला, पंधरा तारखेपर्यंत आला तर ठीक, नाहीतर दुसरी बाई घ्यावी लागेल.

मंगल माझ्याकडं आली. जेवायची सुट्टी व्हती, डबा उघडलाच न्हाई तिनं.

"मावशी, म्या त्या दिराच्या फोनवर येकदा कायतरी दाबलं व्हतं. लॉटरीचं व्हतं. त्यानंच झालं आसंल, न्हाई का? माझंच पाप हाय, माय."

सुनंदा तिला रागावली, "तुला कामून दाबायचं सुचलं गं? मावशी येवढं घसा फोडून सांगत्यात!"

मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसले. तितं सांगायला पाहिजे व्हतं. न्हाई सांगितलं. आनखी दोन दिवस गेले. दोन दिवस मंगल मला रोज इचारायची, "मावशी, तुमी सोबत याल का पोलिसात?" आन् मी म्हनायची, यील की.

गेलो. सायबरच्या पोलिसांचं ऑफिस. बाकावर आमच्यासारखे लई जन. एक रिटायर मास्तर व्हते, एक कॉलेजचा पोरगा, एक बाई पदर तोंडाला लावून. समदे एकमेकांकडं न बघता बसलेले, जनू सगळ्यांनी एकत्र कायतरी चोरलंय. आत एक पोलीस बाई, वयानं माझ्या लेकीयेवढ्या. मंगलला इचारलं, "ताई, आधारचा नंबर आला होता तो तुम्ही कोणाला सांगितला?"

मंगल म्हनली, "मला नंबर येतच न्हाई मॅडम. समदं मावशीच्या फोनवर येतंय. म्या तर लॉटरीचं दाबलं व्हतं..."

पोलीस बाईंनी माझ्याकडं बघितलं. "आजी, मग तुमच्याकडून कोणी विचारला होता का?"

मंगल मधीच म्हनली, "न्हाई वो, मावशी कुनाला देत न्हाईत. त्याच आमाला सांगत्यात, देऊ नका म्हनून."

तिनं असं म्हनल्यावर मंग मला बसवंना. मी म्हनलं, "बाई, लिवून घ्या. मी सांगितला. फोटो बी मीच पाठवले."

मंगलनं माझ्याकडं बघितलं न्हाई. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली, शेवटपर्यंत.

पोलीस बाईंनी मला समदं इचारलं. तारीख, टाईम, कोनता नंबर, काय बोलला. माझ्या फोनात तो मेसेज तसाच व्हता, मी पुसला नव्हता. बाई म्हनल्या, बरं केलंत आजी, लोक लाजेनं आधी तेच पुसतात. म्हनलं, "पन बाई, त्याला आमच्या खात्याचे आकडे कसे कळले?" त्या म्हनल्या, "तुमच्या जुन्या ठेकेदारांनी जुने कागद कुठं टाकले?" मला आठवलं. सहाव्या ठेकेदाराचं ऑफिस खाली केलं तवा फायलींचे गठ्ठे टेम्पोत भरून रद्दीत गेले व्हते. टेम्पोत भरायला आमीच व्हतो. मी आन् मंगल. मंगलचा आधार, मंगलचं पासबुक, मंगलनंच उचलून टेम्पोत टाकलं असंल.

म्हनून सांगते, कुनी तुमचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, खात्याचे आकडे सांगितले, तरी तो तुमचा न्हाई. आपले कागद लई हातांतनं फिरलेले असतात. फोन ठेवा, आन् ज्या ऑफिसाचं नाव तो सांगतो तितं पायानं जा, न्हाईतर तुमाला आधीपासनं ठाऊक असलेल्या नंबरावर तुमी फोन करा. कागदाची झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर पेनानं लिवा, ही कशासाठी दिली ते. हे मी आता सांगते. चाळीस रुपयांचा पेन न्हाई लागत त्याला.

तक्रारीची पावती मिळाली. तिच्यात लिवलं व्हतं की मंगलच्या कागदांचा गैरवापर झालाय, ती आरोपी न्हाई, तिचीच फसवनूक झालीय. ती पावती घेऊन मी नितीनकडं गेले. म्हनलं, दाखला यायला येळ लागंल, तोपर्यंत ह्याच्यावर गेटपास दे. नितीननं कागद वाचला. मंग हळूच म्हनाला, "मावशी, यात तुमचं नाव आहे. कामगारांची माहिती बाहेर दिली असं. हे मी वर दाखवलं तर तुमचं..."

"वर दाखवल्याबिगर तिचा गेटपास निघंल का?"

"नाही."

"मंग दाखव की."

मंगलचा पास चौदा तारखेला निघाला. मला म्हैनाअखेरीला घरी बसवलं. कुनी वाईट बोललं न्हाई. नारळ दिला, साडी दिली, मोठ्या साहेबांनी भाषन केलं की मावशी वयोमानानुसार निवृत्त होत आहेत. वय झालंच व्हतं म्हना. नितीनचं नाव मी तवा पोलिसात न्हाई घेतलं, ऑफिसात बी न्हाई; त्यानं गप बसा म्हनलं, पन बसले मी.

घरी बसले, तरी फोन चालूच. मला सोडून पंचवीस जनींची टिंग टिंग. मंग मी हट्टालाच पेटले. एकेकीला धरून नेलं. आधी तिच्या नावावर सिम घ्यायचं, मंग आधारच्या सेंटरला लाईन लावायची, मंग बँकेत अर्ज. दर ठिकानी तेच. सर्व्हर डाउन. उद्या या. अंगठा उठत न्हाई. कसा उठंल, फिनेल आन् ॲसिडनं बोटावरच्या रेघा गेलेल्या. एक बाई सहा वेळा परत आनली. बँकेतला म्हनाला, "आजी, एवढ्या सगळ्या बायकांना तुम्ही एजंट लागता का?" म्हनलं, "न्हाई बाबा, मी त्यांच्यातनं सुटायला आलेय." सुनंदा म्हनायची, "मावशी, राहू द्या की वो माझा तुमच्याकडंच, मला वाचता कुठं येतं?" तिला म्हनलं, आकडे तर येतात ना? बसचा नंबर वाचतीस का न्हाई? तसंच हे. तिचा काढायला मला तीन म्हैने लागले, येवढी चिकट.

मंगल सगळ्यात शेवटी आली. तिचं खातं सुटायला लई दिवस लागले. तोपर्यंत ती माझ्याशी बोलली न्हाई. वाईट बी बोलली न्हाई. रस्त्यात दिसली की मान हलवायची. खोली तिला बदलावी लागलीच. एक दिवस दारात उभी राहिली. म्हनली, "मावशी, बँकेत जायचंय. खातं सुटलं. नंबर बदलायचाय."

पिशवीतनं मी तिचं जुनं कार्ड काढून दिलं. ते तिनं घेतलं.

बँकेत नवा नंबर लागला, नवं कार्ड मिळालं. कार्ड चालू करायला बाहेरच्या एटीएमच्या खोलीत जावं लागतं. आमी दोघी आत गेलो. मी सवयीनं तिच्या खांद्याला खांदा लावून उभी. मशीनवर आलं, मोबाईलवर आलेला नंबर टाका. मंगलच्या हातात तिचा फोन वाजला. पहिल्यांदा मंगलचा नंबर मंगलच्या फोनवर. माझा हात पुढं गेला, चष्मा सुद्धा मी वर केला व्हता.

मंगलनं फोन छातीशी धरला.

"मावशी, जरा भाईर थांबा की वो."

रागानं न्हाई म्हनली. बसमदी आपन अनोळखी बाईला म्हनतो ना, जरा सरकता का, तसं. मी बाहेर पायरीवर आले. काचेतनं दिसत व्हतं. फोन धरलेल्या हातानंच आडोसा केलेला, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं एकेक आकडा दाबत व्हती. दाबायची, फोनात बघायची, परत दाबायची. एकदा मशीन टॅक टॅक करून वरडलं, तशी ती दचकली. मी आत गेले न्हाई. तिनं पहिल्यापासनं परत सुरू केलं.

माझ्या मागं एक मानूस येऊन उभा राहिला. कंपनीचा शर्ट घातलेला, चांगला मानूस. इचारलं, "आत तुमची मुलगी आहे का आजी?"

"न्हाई," म्हनलं. "आमी एका कंपनीत व्हतो."